रोममधला पहिला शनिवार-रविवार

रोमच्या दोन दिवसांचा क्रम हौसेवर ठरत नाही, व्हॅटिकन म्युझियमच्या सुट्टीवर ठरतो. म्युझियम रविवारी बंद. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा अपवाद. त्या दिवशी म्युझियम सकाळी ९ ते दुपारी २ उघडं असतं, प्रवेश फुकट असतो आणि म्हणूनच रांग तटाला वळसा घालून जाते. तेव्हा शनिवार व्हॅटिकनचा, रविवार कोलोसिअम आणि फोरमचा, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या अवशेषांचा, आणि संध्याकाळी आजच्या चौकांच्या. रोममध्ये राहणारे आम्ही मराठी लोक पाहुण्यांना याच क्रमाने फिरवतो. ज्यांनी उलटा घाट घातलेला असतो ते रविवारी सकाळी बंद दारापाशी नकाशा उलटसुलट करताना दिसतात.

आणखी एक रविवार टाळायचा, महिन्याचा पहिला. त्या दिवशी इटलीतली सरकारी म्युझियमं फुकट असतात, त्यात कोलोसिअम आणि पँथिअन हे प्राचीन देऊळही आलं. कोलोसिअमचं आगाऊ बुकिंग त्या दिवसापुरतं नसतं, तिकीट तिथेच रांगेत उभं राहून घ्यायचं. वाचलेल्या पैशांच्या बदल्यात अर्धी सकाळ उन्हात जाते. विमानाची तिकिटं काढण्याआधी कॅलेंडर बघितलं तर हा प्रश्नच येत नाही.

आगाऊ काढायची तिकिटं दोनच, पण ती निघालीच पाहिजेत. कोलोसिअमचं साधं तिकीट १८ युरोंचं. त्यात कोलोसिअमची ठरलेली वेळ आणि शेजारचे फोरम व पॅलटाइन टेकडी येतात, मुदत २४ तासांची. ही तिकिटं भेटीच्या ३० दिवस आधी विक्रीला निघतात आणि शनिवार-रविवारच्या सकाळच्या वेळा पटापट संपतात. अठराच्या आतल्या मुलांना प्रवेश मोफत आहे, पण त्यांचंही शून्य युरोंचं तिकीट काढावंच लागतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. तिकिटावर नाव असतं आणि दारावर ते पासपोर्टशी ताडून बघतात. इथे मराठी नावांची अडचण होते. आपल्या पासपोर्टात ‘दिलेलं नाव’ या रकान्यात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र छापलेलं असतं. तिकिटाच्या अर्जातही ते तसंच, पासपोर्टात आहे त्याच क्रमाने भरायचं. घरचं लाडकं किंवा अर्धवट नाव नको. व्हॅटिकनचं तिकीट २० युरो, आगाऊ वेळ राखून ठेवण्याचे वर ५. दोन्ही ठिकाणी तिकिटांचं अधिकृत संकेतस्थळच शोधून काढा. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणाऱ्या ‘रांग टाळा’वाल्या जागा बहुतेक मध्यस्थांच्या असतात. तेच तिकीट त्यांच्याकडे दुप्पट-तिप्पट भावाने मिळतं, वर कुणीतरी हातात छत्री धरून दहा मिनिटं पुढे चालतं, त्याला गाइड म्हणायचं.

बहुतेक जण शुक्रवारी दुपारी-संध्याकाळी फ्युमिचिनो विमानतळावर उतरतात. भारतातून थेट येणाऱ्यांसाठी ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सीमेवर नवी पद्धत आली आहे: पहिल्या वेळी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात, बारा वर्षांखालच्या मुलांचा फक्त फोटो. त्याला वेळ लागतो, म्हणून शुक्रवारच्या संध्याकाळी एखादं ठरलेल्या वेळेचं तिकीट काढून ठेवू नका. विमानतळावरून शहरात यायला तीन रस्ते आहेत. लिओनार्दो एक्सप्रेस १४ युरोंत, मध्ये कुठेही न थांबता, ३२ मिनिटांत तेर्मिनी स्टेशनला आणते. एफएल-१ ही लोकल ८ युरोंची, पण ती तेर्मिनीला जात नाही. ट्रास्तेवेरे, ओस्तिएन्से, तिबुर्तिना या बाजूंना जाते. मुक्काम त्या भागात असेल तर हीच बरी. तिसरा रस्ता टॅक्सीचा. जुन्या ऑरेलियन तटाच्या आतल्या कुठल्याही पत्त्याला ठरलेलं भाडं ५५ युरो आहे. हे भाडं गाडीचं असतं, माणशी नाही, आणि सामान त्यातच येतं. म्हणजे चौघांना टॅक्सी लिओनार्दो एक्सप्रेसपेक्षा स्वस्त पडते. टॅक्सी पांढरी आणि अधिकृत रांगेतलीच घ्यायची. आगमनकक्षात ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत जवळ येणाऱ्यांकडे लक्ष द्यायचं नाही.

शुक्रवार म्हटला की संपाची शक्यता धरून चाला. इटलीत वाहतुकीचे संप आधी जाहीर होतात आणि त्यांना शुक्रवार फार आवडतो. संप असला तरी शहरातल्या बस-मेट्रो सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी ५ ते ८ चालवाव्या लागतात, तेवढ्या वेळात आपलं जाणं-येणं बसवायचं.

राहायला पहिल्या खेपेला तेर्मिनीच्या आसपास, मोन्ती किंवा प्राती. तेर्मिनीचा भाग दिसायला रुक्ष आहे, पण दोन रात्रींसाठी गाडी आणि मेट्रो पायाशी असणं मोलाचं. प्राती व्हॅटिकनला लागून, शांत, थोडं महाग. ‘ऐतिहासिक मध्यभागी सुंदर खोली’ अशा जाहिरातीतला चौथा मजला आणि लिफ्ट नाही, हे आधी वाचून घ्या. शहरातली जुनी फरसबंदी काळ्या बसाल्टच्या चौकोनी तुकड्यांची आहे. त्यांच्या फटींत सुटकेसची छोटी चाकं अडकतात आणि मोडतात, पातळ तळव्याच्या चपलेतून प्रत्येक दगड लागतो. जाड तळव्याचे, वापरून मऊ झालेले बूट हवेत, नवे कोरे नकोत. खोलीच्या भाड्याशिवाय शहराचा मुक्कामकर वेगळा, माणशी रात्रीमागे. तीन ताऱ्यांच्या हॉटेलात ६ युरो. ऑनलाइन भरलेल्या रकमेत तो बहुधा नसतो. निघताना मागितला की पाहुण्यांना लुबाडल्यासारखं वाटतं, पण तो खराच कर आहे.

शुक्रवारची संध्याकाळ पायी घालवायची. मेट्रो जुन्या शहराच्या कडेकडेने जाते. पँथिअन, पियात्सा नावोना या भागात स्टेशनच नाही. अंतरं मात्र छोटी आहेत: त्रेवीच्या कारंज्यापासून पँथिअन पाऊण किलोमीटरच्या आत, तिथून नावोना पाचसात मिनिटं. त्रेवी दिवसा बघण्यात अर्थ नाही. माणसांच्या पाठी दिसतात आणि शिट्ट्या ऐकू येतात. काठापाशी एका वेळी ठरावीक लोकच सोडतात. रात्री अकरानंतर किंवा सकाळी सातच्या आत या. निकोला साल्वीने आराखडा केलेलं हे कारंजं १७६२मध्ये पुरं झालं, पण त्यातलं पाणी येतं त्या कालव्याचा उगम त्याहून जुना, इ.स.पू. १९चा. तो बांधला सम्राट ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा याने. त्याचंच नाव पुढे पँथिअनच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत दिसतं. नाणं टाकायचं ते उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून. नाणी गोळा होऊन कारितास या धर्मादाय संस्थेला जातात. पाण्यात पाय सोडले तर दंड. स्पॅनिश स्टेप्सच्या १३५ पायऱ्यांवर बसायलाही २०१९पासून मनाई आहे, ऐन उन्हाळ्यात थकून टेकलेल्यांना पोलीस उठवतात.

नावोनाच्या मधल्या कारंज्यापाशी थोडं थांबा. बर्निनीने १६५१मध्ये चार खंडांच्या चार नद्या माणसांच्या रूपात बसवल्या: डॅन्यूब, नाईल, रिओ दे ला प्लाता आणि आपली गंगा. हातात लांब वल्हं घेतलेला, रेलून बसलेला दाढीवाला पुरुष ती गंगा. गंगेला पुरुष झालेलं बघून आपल्याकडच्या लोकांना हसू येतं, पण युरोपच्या शिल्पपरंपरेत नद्या बहुधा बाप्याच असतात. नाईलचं डोकं झाकलेलं आहे, कारण तिचा उगम तेव्हा युरोपला ठाऊक नव्हता. समोरच्या चर्चचा दर्शनी भाग बघवत नाही म्हणून नाईलने डोकं झाकलं, हा गाइडांचा आवडता किस्सा. पण कारंजं आधीचं आणि तो दर्शनी भाग नंतरचा.

शनिवार. सेंट पीटर्स बॅसिलिकेला, म्हणजे व्हॅटिकनच्या मोठ्या चर्चला, प्रवेश फुकट आहे, म्हणून तिथली रांग फक्त लवकर उठून टाळता येते. दार सातला उघडतं. पावणेसातला चौकात असलात तर उजव्या हाताच्या खांबांखाली सुरक्षातपासणीला दहा-पंधरा मिनिटं लागतात. दहाला गेलात तर तीच रांग सगळ्या चौकाला वेढा घालते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांचे आणि पुरुषांचेही. साडी, सलवार-कमीज, पूर्ण पँट, काही अडचण नाही. अडतात ते अर्ध्या चड्डीतले तरुण. बॅगेत एक ओढणी टाकून ठेवली की बिनबाह्यांचं काम भागतं. आत शिरल्यावर उजवीकडच्या पहिल्याच कोनाड्यात मायकेलअँजेलोचा ‘पिएता’, मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीचा पुतळा. १९७२मध्ये एकाने त्यावर हातोडा चालवला, तेव्हापासून तो काचेमागे आहे. सव्वासातला त्याच्यासमोर पाचदहा माणसं असतात, अकराला फक्त मोबाइल दिसतात.

घुमटावर जायचं असेल तर लगेच जा. एकूण पायऱ्या ५५१. लिफ्टचं तिकीट घेतलं तरी ३२० उरतातच, ही गोष्ट खिडकीवर कुणी ठासून सांगत नाही. शेवटचा भाग घुमटाच्या दोन भिंतींच्या मधून जातो. तिथे भिंत कललेली असल्याने माणसालाही कलतं चालावं लागतं, आणि अगदी शेवटी गोल जिन्यात आधाराला नुसता दोर असतो. चढून मागे फिरता येत नाही, रस्ता एकेरी आहे. गुडघेदुखी, दम्याचा त्रास किंवा बंद जागेची भीती असणाऱ्यांनी खालीच बसावं. वरून खाली बघताना चौकाचा आकार कळतो: बर्निनीच्या २८४ खांबांचे दोन कवेत घेणारे बाहू, मध्ये इजिप्तहून आणलेला स्तंभ. खाली उतरल्यावर स्तंभ आणि कारंजं यांच्या मध्ये फरशीत बसवलेली गोल चकती शोधा. तिच्यावर उभं राहिलं की खांबांच्या चार रांगा एकामागे एक लपून एकच रांग दिसते. एक पाऊल बाजूला टाकलं की मागचे तिन्ही खांब डोकावतात. मुलं इथून हलत नाहीत.

हेच रविवारी का नाही? रविवारी दुपारी बाराला पोप खिडकीतून दर्शन देतात, ते रोममध्ये असतील तेव्हा. ते बघायचं असेल तर जरूर या, पण मग बॅसिलिका नीट बघण्याची आशा सोडा.

म्युझियमचं दार बॅसिलिकेला चिकटलेलं नाही. तटाच्या कडेने चालत पंधरा मिनिटं धरा. दहाची वेळ घेतली असेल तर वाटेत कॉफी होते. रोमच्या बारमध्ये, आणि इथे बार म्हणजे कॉफीचंच दुकान, बहुतेक ठिकाणी आधी गल्ल्यावर जाऊन पैसे द्यायचे, चिटोरी घ्यायची, ती काउंटरवर ठेवून काय हवं ते सांगायचं. उभ्याने एस्प्रेसो सव्वा-दीड युरोत मिळते. तीच टेबलावर बसून घेतली की भाव वाढतो आणि प्रसिद्ध चौकात तर कित्येक पट होतो. फरक दरपत्रकात लिहिलेला असतो, फसवणूक नव्हे. नुसतं ‘काफे’ म्हटलं तर घोटभर कडक एस्प्रेसो येते. आपल्या सवयीची दुधाळ हवी तर ‘कापुचिनो’ मागा.

म्युझियममध्ये सगळं बघायचं ठरवलं तर काहीच दिसत नाही. दालनांची लांबी काही किलोमीटर भरते, गर्दी एकाच दिशेने सिस्टीन चॅपलकडे ओढली जाते, आणि त्या ओढ्यात थांबायला जागा अशी मिळतच नाही. म्हणून थांबे आधीच ठरवा. शिरल्याशिरल्या उजवीकडे पिनाकोतेका हे चित्रदालन आहे. गर्दी तिथे वळतच नाही, त्यामुळे राफाएलचं शेवटचं मोठं चित्र तिथे निवांत बघता येतं. मग लाओकूनचं शिल्प, १५०६मध्ये एका द्राक्षमळ्यात खणताना सापडलेलं. मग १२० मीटर लांबीचं नकाशादालन. १५८०च्या सुमाराला भिंतींवर रंगवलेले इटलीच्या प्रांतांचे ४० नकाशे, पण सगळे जण माना वर करून सोनेरी छत बघत पुढे सरकतात. नंतर बाण दोन रस्ते दाखवतात, एक थेट चॅपलकडे आणि एक राफाएलच्या खोल्यांवरून. लांबचा घ्या.

चॅपलमध्ये आपण वेदीच्या बाजूने शिरतो, म्हणजे ‘लास्ट जजमेंट’ या चित्राची भिंत पाठीमागे राहते आणि बरेच जण ती न बघताच पुढे जातात. मधोमध जाऊन मागे वळा. बाजूच्या भिंतींना बाक आहेत, एखादी जागा रिकामी होईपर्यंत थांबा, कारण मान वर करून उभ्याने पाच मिनिटांच्या वर बघवत नाही. छताचं काम १५०८ ते १५१२ चाललं. मायकेलअँजेलोने सुरुवात वेदीपासून दूरच्या टोकाकडून केली. तिथला जलप्रलय बघा, माणसांची खेचाखेच आणि आकृत्या बारीक. अर्ध्यावर परांची उतरवल्यावर ते खालून कसं दिसतं हे त्याला कळलं, आणि तिथून पुढे आकृत्या मोठ्या आणि मोजक्या झाल्या. छताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हा फरक नुसत्या डोळ्यांनी मोजता येतो. वेदीची भिंत त्यानेच रंगवली, पण वीसहून अधिक वर्षांनी. फोटो काढायला बंदी आहे, पहारेकरी दर दोन मिनिटांनी ‘सिलेन्त्सिओ’ ओरडून स्वतःच शांतता मोडतात.

बाहेर पडायची दारं दोन. उजवीकडचं दार थेट बॅसिलिकेकडे जातं, पण ते गाइडसह आलेल्या गटांसाठी आहे आणि कधी उघडं, कधी बंद. त्याच्या भरवशावर बॅसिलिका दुपारवर ढकलू नका. शिवाय तिथून गेलात तर १९३२चा तो दुहेरी सर्पिल जिना हुकतो, आणि प्रवेशाशी ठेवायला दिलेली बॅगही तिथेच राहते.

दुपारी दीडच्या आसपास प्रातीत जेवण. पिझ्झा अल ताल्यो, म्हणजे मोठ्या आयताकृती ताटातला, वजनावर विकला जाणारा पिझ्झा, हे आपल्या लोकांचं रोममधलं हक्काचं खाणं. काचेमागचं ताट दाखवायचं, हाताने लांबी दाखवायची, दुकानदार सुरी धरून विचारेल ‘एवढा?’, मग कात्रीने कापून तराजूवर. २०० ग्रॅम, त्यांच्या भाषेत ‘दुए एत्ती’, एकाला पुरतात. चवीला दोन-तीन प्रकारांचे छोटे तुकडे घेतले तरी चालतं.

शाकाहाऱ्यांनी नावांवर जाऊ नये. कार्बोनारा, आमात्रिचाना आणि पांढरी दिसणारी ग्रिचा, या तिन्ही पास्तांत डुकराच्या गालाचं मांस असतं. काचिओ ए पेपे म्हणजे चीज आणि मिरी, ती चालते. मात्र पेकोरिनो रोमानो चीज कोकराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजतात, काटेकोर पाळणाऱ्यांनी टोमॅटोची ‘पोमोदोरो’ घ्यावी. तळलेल्या भोपळ्याच्या फुलांत आणि पुन्तारेल्ले या कोशिंबिरीत खारवलेली अँकोव्ही मासळी लपलेली असते. सुप्ली हा भाताचा तळलेला गोळा निरुपद्रवी दिसतो, पण पारंपरिक सुप्लीच्या रश्शात मांस असतं. ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे’, मांस नको मासे नकोत, एवढं म्हटलं की वेटर स्वतःच सांगतो. कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर ‘सेंत्सा चिपोल्ला, सेंत्सा आल्यो’. ज्यू पद्धतीचा तळलेला आर्टिचोक हंगामात मिळाला तर सोडू नका. बाहेरच्या पाकळ्या पापडासारख्या मोडतात. बऱ्याच खानावळींची चूल दुपारी तीननंतर बंद होते ती रात्री साडेसातपर्यंत. चार वाजता भुकेलेल्यांना जी दारं उघडी सापडतात तीच नेमकी टाळायची असतात. टेबलावर आलेल्या पावाचे पैसे लागतात, नको असेल तर आल्याबरोबर परत करा.

दुपारी तास-दीड तास खोलीवर पडा. हा आळस नाही. छोटी चर्चं दुपारी साडेबारा ते तीन-चार बंदच असतात, तेव्हा बाहेर भटकून नुसतं ऊन मिळतं. चारनंतर सान लुइजी देई फ्रांचेसी हे चर्च, ते नावोना आणि पँथिअनच्या मध्ये आहे. आत शिरून डावीकडच्या शेवटच्या कोनाड्यात काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत, प्रवेश फुकट. कोनाडा काळोखा असतो. बाजूच्या पेटीत नाणं टाकलं की काही मिनिटं दिवा लागतो. सगळे जण दुसरं कुणीतरी टाकेल म्हणून वाट बघत उभे राहतात. खिशात सुटी नाणी ठेवा.

पँथिअनला २०२३च्या जुलैपासून ५ युरोंचं तिकीट आहे. आत प्रार्थना चालू असताना पर्यटकांना सोडत नाहीत, शनिवारी संध्याकाळी हे हमखास होतं, त्यामुळे प्रार्थनेची वेळ बघून जा. सध्याची इमारत सम्राट हेड्रियनच्या काळातली, इ.स. १२६च्या सुमाराची; त्याने कपाळावर जुन्या मंदिराच्या बांधकामकर्त्याचं, अग्रिप्पाचं, नाव तसंच ठेवलं. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, आणि फरशीपासून वरच्या भोकापर्यंतची उंचीही तेवढीच. सळईविना काँक्रीट इतकी वर्षं टिकलं कारण खडी बदलत नेली आहे: खाली जड दगड, वर हलका प्यूमिस. वरच्या भोकातून पाऊस आत येत नाही असं कुणी सांगितलं तर हसा. चांगला पडतो. फरशी मध्ये किंचित फुगीर आहे आणि तिच्यात पाणी जायला बारीक भोकं पाडलेली आहेत, ती खाली वाकून शोधावी लागतात.

रविवारी कोलोसिअमची पहिली, साडेआठच्या सुमाराची वेळ घ्या. वीस-पंचवीस मिनिटं आधी पोहोचा, सुरक्षातपासणी आहे. काचेच्या बाटल्या आणि मोठ्या बॅगा आत चालत नाहीत, सामान ठेवायची सोयही नाही. निघण्याच्या दिवशीच्या सुटकेसी हॉटेलात किंवा तेर्मिनीच्या सामानघरात सोडून यायच्या. आत गेल्यावर गर्दी खालच्या मजल्यावर रेंगाळते, आपण थेट वर चढायचं. पायऱ्या उंच आहेत, पण मैदानाखालच्या खोल्या आणि प्राण्यांना वर आणायच्या वाटा वरूनच उलगडतात. भिंतीत जागोजागी खोल भोकं दिसतात, ती लढाईची नव्हेत. दगड एकमेकांना लोखंडी आकड्यांनी जोडलेले होते. मध्ययुगात लोखंडासाठी लोकांनी ते उकरून काढले. बाहेरची अर्धी भिंत १३४९च्या भूकंपात कोसळली आणि तिचे दगड शहराच्या बांधकामांत गेले. तासाभरात कोलोसिअम होतं. खरा वेळ पुढे लागतो.

फोरममध्ये शिरायला कमानीजवळचं दार सोडून सान ग्रेगोरिओ रस्त्यावरचं, पॅलटाइनच्या बाजूचं दार घ्या. तिथे रांग कमी असते आणि चढ सकाळीच होऊन जातो. वरच्या बागेच्या कठड्यावरून सगळा फोरम एका नजरेत दिसतो, मग खाली उतरा. तिकिटावर एकदाच आत जाता येतं, जेवायला बाहेर पडून परत येणं नाही. आत सावली अगदी कमी, खायला काही नाही. माहितीचे फलक अपुरे आहेत, त्यामुळे नवख्याला सगळीकडे नुसते खांब दिसतात.

एक जागा मात्र स्वतः बोलते. अँटोनायनस आणि फॉस्टिना यांच्या देवळाच्या खांबांमागे सान लोरेन्झो चर्च आहे. त्याचं दार बघा, जमिनीपासून कितीतरी वर, हवेत लोंबकळल्यासारखं. चर्च बांधलं तेव्हा जमीन त्या दाराच्या उंबऱ्याला होती. शतकानुशतकांचा गाळ आणि राडारोडा साचून फोरम गाडला गेला होता. उत्खननात खालची फरसबंदी लागली आणि दार वर राहिलं. त्याच खांबांच्या माथ्याजवळ तिरक्या खाचा आहेत, दोर बांधून खांब पाडायचा प्रयत्न झाला त्याच्या. खांब पडले नाहीत. थोडं पुढे पत्र्याच्या छपराखाली मातीचा ढिगारा, सीझरच्या देवळाचा. त्याचं दहन झालं ती ही जागा. लोक अजून तिथे फुलं ठेवतात.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. शहरभर नाझोने म्हणतात ते लोखंडी बुटके नळ अखंड वाहत असतात, फोरममध्येही आहेत. पाणी पिण्याचं आणि गार असतं. वाकून तोंड लावायची गरज नाही: तोटीचं तोंड बोटाने दाबून धरलं की तोटीच्या वरच्या बाजूच्या छोट्या भोकातून धार उडते, ती तोंडात घ्यायची. पहिल्यांदा शर्ट भिजतो.

रविवारी कोलोसिअमपासून व्हेनेत्सिया चौकापर्यंतचा मोठा रस्ता गाड्यांना बंद असतो, भर रस्त्यातून चालायला मिळतं. टोकाशी काम्पिदोल्यो टेकडी. मायकेलअँजेलोने आखलेल्या चौकात घोड्यावरचा सम्राट मार्कस ऑरेलियस ही प्रतिकृती आहे, अस्सल ब्रॉन्झ बाजूच्या म्युझियममध्ये. नगरभवनाच्या मागे उजवीकडून गेलं की फोरमचा सर्वांत चांगला देखावा, फुकटात, आणि संध्याकाळच्या उन्हात. शेजारच्या पांढऱ्याशुभ्र स्मारकाच्या पायऱ्यांवर बसलात तर शिट्टी वाजेल.

दुपार उरली असेल तर ट्रास्तेवेरेत भटका. बोर्गेझे गॅलरी दोन तासांच्या वेळेत आणि आगाऊ बुकिंगनेच बघता येते, दोन दिवसांत ती कोंबू नये. भारतीय किराणा किंवा कोथिंबीर-मिरची हवी असेल तर तेर्मिनीजवळचा एस्क्विलिनो बाजार, पण तो शनिवारी गाठायचा, रविवारी बंद असतो.

बस-मेट्रोचं साधं तिकीट दीड युरोंचं, १०० मिनिटं चालणारं. त्यात बस कितीही बदला, मेट्रो एकदाच. मोठा ‘टी’ लिहिलेल्या तंबाखूच्या दुकानात मिळतं. बसमध्ये चढल्याबरोबर यंत्रात छापून घ्या. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि दंड पन्नास युरोंच्या वर. बँकेचं कार्ड थेट यंत्राला टेकवूनही चालतं, पण प्रत्येकाला स्वतःचं वेगळं कार्ड लागतं, एकाच कार्डावर चौघे नाहीत. तेर्मिनी ते व्हॅटिकन जाणारी ६४ नंबरची बस खिसेकापूंसाठी बदनाम आहे. पाकीट मागच्या खिशात नको, बॅग पोटाशी, आणि दारापाशी उभं राहून मोबाइल बघू नका. रस्त्यात कुणी मनगटावर दोरा बांधू लागलं किंवा गुलाब हातात कोंबला तर हात मागे घेऊन चालत राहा, हातात घेतलं की पैसे द्यावे लागतात.

परतीसाठी लिओनार्दो एक्सप्रेस तेर्मिनीच्या २३ आणि २४ नंबरच्या फलाटांवरून सुटते. ते स्टेशनच्या एका कडेला आहेत आणि फलाटावर तिकीट दाखवूनच सोडतात. मेट्रोतून वर येऊन सामानासह तिथे पोहोचायला पंधरा मिनिटं धरा.